प्रवाळ-टाकीच्या आकारमानाचा प्रश्न : सागरी मत्स्यपेटीच्या इतिहासातील एक अभ्यास (१८४६ ते २००१)

सारांश

समुद्राच्या पाण्यातील प्रवाळ व त्यांच्या सान्निध्यात राहणारे जीव काचेच्या टाकीत जगवावयाचे झाल्यास टाकी किती मोठी असावी, हा प्रश्न सागरी मत्स्यपेटीइतकाच जुना आहे. प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील १८४६ च्या पहिल्या प्रयत्नापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेतला आहे. टाकीचे योग्य आकारमान ही कोणत्याही काळात केवळ घनफळाची बाब नव्हती. पाणी, यंत्र आणि मानवी श्रम यांपैकी कोणाच्या वाट्याला किती काम यावे याचा तो निर्णय होता, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजशब्द : सागरी मत्स्यपेटी, प्रवाळ, घनफळ, क्षारता, साठवण-टाकी, नत्रीकरण, वन्यजीव संरक्षण.

१. प्रस्तावना

प्रवाळभित्ती हे पृथ्वीवरील अत्यंत समृद्ध अशा परिसंस्थांपैकी एक मानले जाते. उष्ण कटिबंधातील प्रवाळ ज्या पाण्यात वाढतात, त्या पाण्याचे तापमान, क्षारता व रासायनिक घटना यांत वर्षभरात फारच थोडा फरक पडतो. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा सुमारे एक अंश सेल्सियसने जास्त तापमान काही आठवडे टिकले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील सहजीवी शैवाल गमावतात व पांढरे पडतात. अशा जीवाला काचेच्या चार भिंतींत ठेवणे म्हणजे त्याला समुद्राच्या स्थैर्यापासून वेगळे करणे होय. टाकीच्या आकारमानाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो, कारण गमावलेले स्थैर्य काही प्रमाणात तरी परत मिळविण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पाण्याचा साठा वाढविणे.

हौशी संगोपकांच्या पुस्तिकांमध्ये या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या आकड्याने दिलेले असते. इतक्या लिटरपेक्षा लहान टाकी घेऊ नये, एवढे सांगून विषय संपविला जातो. परंतु हे आकडे कालानुसार बदलत गेले आहेत, कधी वाढले तर कधी घटले. ते का बदलले याचा शोध घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. या दृष्टीने इतिहासाचे साहाय्य घेणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) सागरी व विशेषतः प्रवाळ-टाकीच्या आकारमानाविषयीच्या कल्पनांचा विकास तपासणे, (आ) या कल्पनांमागील भौतिक व रासायनिक कारणे स्पष्ट करणे, (इ) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या संदर्भात या इतिहासातून कोणता बोध घेता येतो याचा विचार करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जेथे उदाहरणादाखल गणित मांडले आहे, तेथे ते गृहीत मोजमापांवर आधारलेले आहे, याची नोंद घ्यावी.

३. आकारमानाचे मूलभूत गणित

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक साधे गणित ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. ५० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद व ४० सें.मी. खोल अशा टाकीत ८० लिटर पाणी मावते. हीच मापे दुप्पट केली असता, म्हणजे १००, ८० व ८० सें.मी. घेतली असता, टाकीत ६४० लिटर पाणी मावते. मापे दुप्पट झाली तेव्हा पृष्ठभाग चौपट झाला, घनफळ मात्र आठपट झाले. आकारमानाविषयीची पुढील सर्व चर्चा या एका भौमितिक सत्यावर उभी आहे.

समजा, दोन्ही टाक्यांच्या पृष्ठभागावरून दररोज ५ मि.मी. पाण्याचे बाष्पीभवन होते. लहान टाकीतून रोज १ लिटर व मोठ्या टाकीतून ४ लिटर पाणी उडून जाईल. बाष्पाबरोबर मीठ जात नाही. ते टाकीतच राहते. म्हणून तीन दिवस पाण्याची भर घातली नाही, तर मूळची दर हजारी ३५ असलेली क्षारता लहान टाकीत सुमारे ३६.४ आणि मोठ्या टाकीत सुमारे ३५.७ होईल. मोठ्या टाकीतून पाणी चौपट गेले, तरी क्षारतेतील बदल निम्माच झाला.

दुसरे उदाहरण मृत जीवाचे. एखादा मासा खडकाआड मरून कुजला व त्यातून १६० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात मिसळला असे मानले, तर लहान टाकीत त्याचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅम होईल, मोठ्या टाकीत ते पाव मिलिग्रॅम राहील. तिसरे उदाहरण खास प्रवाळांचे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे लहान टाकीत ते एकूण सुमारे ३३ ग्रॅम, तर मोठ्या टाकीत सुमारे २६२ ग्रॅम असेल. पाषाणी प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी दररोज १ ग्रॅम कॅल्शियम काढून घेत असतील, तर लहान टाकीतील प्रमाण रोज लिटरमागे साडेबारा मिलिग्रॅमने घटेल. मोठ्या टाकीत ही घट दीड मिलिग्रॅमच्या आसपास राहील.

या तिन्ही उदाहरणांत मोठ्या टाकीने दोष नाहीसा केला नाही, त्याचा वेग कमी केला. मोठे घनफळ संगोपकाला चूक सुधारण्यासाठी अवधी मिळवून देते. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरमागे सुमारे १.०२५ किलो असल्याने मोठ्या टाकीतील केवळ पाणीच ६५६ किलो भरेल. काच, खडक व वाळू वेगळीच. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावयाचे तर लहान टाकीला ८ लिटर पाणी व सुमारे २८० ग्रॅम मीठ पुरेल. मोठ्या टाकीला ६४ लिटर पाणी व सव्वादोन किलोच्या आसपास मीठ लागेल. स्थैर्य आणि खर्च यांमधील हा ताण पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासात सतत दिसून येतो.

४. प्रारंभ : घनफळाची उणीव व श्रमाची भर (१८४६–१८५४)

सागरी मत्स्यपेटीचा इतिहास प्रवाळापासूनच सुरू होतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज महिलेने डेव्हन परगण्यातील टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही लहान पाषाणी प्रवाळ लंडनला नेले. हे प्रवाळ थंड पाण्यातील, एकेकटे वाढणाऱ्या जातीचे होते. उष्ण कटिबंधातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांपेक्षा ते पुष्कळच काटक. तरीही लंडनमध्ये समुद्राचे पाणी नव्हते व पात्रे लहान होती. प्रारंभी समुद्राचे पाणी मागवून ते वारंवार बदलले जाई. पुढे तेच पाणी पुन्हा वापरता यावे म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचा उपाय योजण्यात आला. हे काम घरातील मोलकरणीकडे सोपविलेले होते. १८४७ मध्ये पात्रात सागरी वनस्पतींची जोड देण्यात आली व प्राणी आणि वनस्पती यांचा समतोल साधला गेला. या प्रवाळांच्या वाढीविषयीची थिन यांची निरीक्षणे १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली.

या प्रसंगाकडे आकारमानाच्या दृष्टीने पाहिले असता एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. पात्र लहान असूनही प्रवाळ जगले, कारण पाण्याच्या साठ्याची उणीव एका मोलकरणीच्या रोजच्या श्रमाने भरून काढली. मत्स्यपेटीच्या इतिहासात ॲना थिन यांचे नाव नोंदले गेले. पाणी ओतणाऱ्या हातांचे नाव मात्र नोंदले गेले नाही. लहान टाकी स्वस्त असते या समजुतीत श्रमाची किंमत धरलेली नसते, हे या पहिल्याच उदाहरणावरून लक्षात येते.

याच सुमारास नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बंद काचपेटीने वनस्पती-संगोपनात क्रांती घडविली होती, आणि १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाल्याने काच सामान्य मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली होती. १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांच्यातील समतोलाविषयीचे आपले निरीक्षण लंडनच्या रसायन सभेपुढे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह जनतेसाठी खुले झाले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला व ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला.

वॉरिंग्टन यांनी योजलेली तिरप्या पाठीची टाकी आकारमानाच्या चर्चेत विशेष उल्लेखनीय आहे. तिच्यात प्रकाश मुख्यतः वरून येई, पाणी कमी तापे आणि घनफळाच्या मानाने हवेला भिडणारा पृष्ठभाग मोठा असे. किती लिटर पाणी मावते याबरोबरच ते कोणत्या आकारात मावते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, याची ही पहिली ठळक जाणीव होय. उंच व अरुंद तोंडाच्या काचपात्रात पाणी पुष्कळ मावले, तरी प्राणवायूची देवाणघेवाण अपुरी पडते.

गॉस यांनी १८५४ मध्येच कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. तीत साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार होते. कॅल्शियमचा त्यात समावेश नव्हता. पाषाणी प्रवाळांच्या दृष्टीने ही उणीव किती मोठी होती, हे वर दिलेल्या गणितावरून ध्यानात येईल.

५. साठवण-टाकीचा सिद्धांत : विल्यम ॲल्फर्ड लॉइड (१८५५–१८७४)

गॉस यांच्या ग्रंथाने इंग्लंडमध्ये मत्स्यपेटीची लाट आली. घरोघरी दिवाणखान्यांत टाक्या आल्या, आणि १८६० च्या दशकात बहुतेक रिकाम्या झाल्या. त्या टाक्या लहान होत्या, जीवांची गर्दी जास्त होती आणि रोजचे श्रम करण्याची तयारी अल्पकाळच टिकली. या लाटेची झळ किनाऱ्यालाही बसली. गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात, बालपणी पाहिलेली समृद्ध खडकाळ डबकी संग्राहकांच्या धाडींमुळे कशी ओस पडली, याविषयी खेद व्यक्त केला आहे. चुकीच्या आकाराच्या टाकीची अंतिम किंमत समुद्रकिनाऱ्याने मोजली, असा याचा अर्थ होतो.

या अपयशातून सर्वांत मोलाचा धडा घेतला तो विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी. लंडनमध्ये मत्स्यपेट्या, सागरी जीव व समुद्राचे पाणी विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या लॉइड यांनी पॅरिस (१८६१) व हॅम्बर्ग (१८६४) येथील सार्वजनिक मत्स्यालयांच्या उभारणीत महत्त्वाचा भाग घेतला. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेले मत्स्यालय हा त्यांच्या विचारांचा परिपाक होता. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा न दिसणारा साठा मोठा असला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार प्रदर्शनी टाक्यांच्या खाली एक मोठी अंधारी साठवण-टाकी बांधण्यात आली आणि वाफेच्या यंत्राने पाण्याचे अखंड अभिसरण सुरू ठेवण्यात आले. अंधारामुळे साठ्यातील पाणी थंड राही व त्यात शैवाल माजत नसे.

लॉइड यांच्या या कल्पनेने ‘टाकी’ व ‘व्यवस्था’ यांत भेद केला. जीव ज्या पात्रात दिसतात त्याचे माप आणि ज्या पाण्यावर ते जगतात त्याचे माप, ही दोन वेगळी मापे आहेत. छोट्या प्रदर्शनी टाकीलाही मोठ्या साठ्याचे स्थैर्य देता येते. आजच्या प्रवाळ-टाकीखाली असणारा ‘संप’ हा याच साठवण-टाकीचा वंशज होय. १८७४ मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या, आंतोन डोर्न यांनी स्थापन केलेल्या नेपल्स येथील प्राणिशास्त्रीय केंद्राच्या मत्स्यालयासही लॉइड यांचे मार्गदर्शन लाभले. सागरी जीवशास्त्राच्या अध्यापन-संशोधनात मत्स्यालयाला मिळालेले स्थान या केंद्रापासून दृढ झाले.

६. घनफळाकडून गाळणीकडे (१८९०–१९७४)

मोठा साठा का उपयोगी पडतो, याचे रासायनिक उत्तर लॉइड यांच्या काळी उपलब्ध नव्हते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू वेगळे केले. मत्स्यपेटीला या ज्ञानाचा पद्धतशीर लाभ मिळण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. जपानी संशोधक हिरायामा यांनी १९६० व १९७० च्या दशकांत वाळूच्या गाळणीची शुद्धीकरण-क्षमता व माशांचा भार यांचा संख्यात्मक संबंध तपासला. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांनी बंदिस्त व्यवस्थेतील जलव्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध करून हे विचार इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविले.

या संशोधनाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. टाकी किती जीव पोसू शकते हे तिच्या घनफळापेक्षा तिच्यातील जीवाणूंच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते, असे आता म्हणता येऊ लागले. घनफळ हे विषारी द्रव्य पातळ करते. गाळणी त्याचे रूपांतर करते. यामुळे लहान टाकी शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. तांत्रिक बदलांनीही त्यास हातभार लावला. पूर्वीच्या टाक्यांची धातूची चौकट खाऱ्या पाण्याने गंजत असे; सिलिकोनच्या लांबीने जोडलेल्या चौकटविरहित काचेच्या टाक्या १९६० च्या दशकापासून प्रचारात आल्या. तयार क्षारमिश्रणेही याच दशकात बाजारात उपलब्ध झाली आणि किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना सागरी टाकी ठेवणे शक्य झाले.

तथापि ही प्रगती मुख्यतः माशांसाठी होती. अमोनिया नियंत्रित झाला की मासे जगत. प्रवाळ जगत नसत. ‘इतक्या गॅलनला इतके इंच मासे’ हा लोकप्रिय आडाखा केवळ माशांचा भार मोजतो. प्रवाळांची प्रकाशाची गरज, कॅल्शियमची मागणी आणि नायट्रेट-फॉस्फेटविषयीची संवेदनशीलता यांना त्यात स्थान नाही. माशांच्या आडाख्यावर प्रवाळ-टाकीचे माप ठरविणे ही या काळातील एक मूलभूत चूक होती.

७. प्रवाळ-टाकीचा उदय (१९५६–१९९४)

उष्ण कटिबंधातील प्रवाळ दीर्घकाळ जगविण्याचे आरंभीचे यश समुद्रसान्निध्यात मिळाले. न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रेने काताला यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय उघडले व तेथे जिवंत प्रवाळ प्रदर्शित केले. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धती’ प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले, सूक्ष्मजीवांनी भरलेले ‘जिवंत खडक’, वाळू, सूर्यप्रकाश व हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर ती आधारलेली होती. जटिल यंत्रसामग्री तीत नव्हती. खडकांच्या सच्छिद्र अंतर्भागात राहणारे जीवाणू गाळणीचे काम करीत. ही पद्धती जकार्तासारख्या ठिकाणी साध्य झाली, कारण समुद्र जवळ होता आणि हवामान प्रवाळांना अनुकूल होते. थंड प्रदेशातील, समुद्रापासून दूरच्या नगरांत तिचे अनुकरण सोपे नव्हते.

युरोपात या उणिवा यंत्र व रसायन यांनी भरून काढल्या. स्वित्झर्लंडमधील पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात प्रवाळांच्या कॅल्शियमची झीज चुन्याच्या निवळीने भरून काढण्याचा मार्ग लोकप्रिय केला. बर्लिनमधील संगोपकांनी जिवंत खडक, तीव्र प्रकाश व पाण्यातील सेंद्रिय द्रव्य फेसाच्या रूपाने बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर यांची सांगड घातली. ती ‘बर्लिन पद्धती’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनी-रीफ’ ही कल्पना घराघरांत पोहोचविली. अल्बर्ट थील यांनी १९८९ मध्ये लहान प्रवाळ-टाकीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९९४ मध्ये चार्ल्स डेलबीक व जूलियन स्प्रंग यांच्या ग्रंथाने या सर्व अनुभवाचे संकलन केले. पुढे वीस गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ७५ लिटरपेक्षा लहान अशा ‘नॅनो’ टाक्यांचाही प्रसार झाला.

लहान टाक्यांचे हे यश खरे आहे. परंतु लहान टाकी सोपी झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. पाण्याची आपोआप भर घालणारे साधन, तापमान-नियंत्रक, स्किमर आणि वारंवार केलेले जलपरिवर्तन ही त्या यशाची अट होती. १८४७ मधील मोलकरणीचे काम आता पंप करू लागला, एवढेच म्हणता येईल. ज्या दिवशी वीज खंडित होते त्या दिवशी हा फरक पुसला जातो. महाराष्ट्रात ज्या काळात भारनियमन ही नित्याची बाब होती, त्या काळाचा अनुभव असलेल्या प्राध्यापकवर्गास याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

८. आकारमानाची परिसीमा : टाउन्सव्हिल व बायोस्फियर-२

लहान टाकीचा हा प्रवास चालू असतानाच आकारमानाच्या दुसऱ्या टोकावरही प्रयोग झाले. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये वॉशिंग्टन येथे प्रवाळ-परिसंस्थेची प्रतिकृती उभी केली व पाणी शुद्ध करण्यासाठी शैवालाच्या थरांचा उपयोग केला. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये सुमारे २५ लाख लिटर पाण्याची प्रवाळभित्ती-टाकी खुली झाली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील बायोस्फियर-२ या बंदिस्त प्रकल्पातील कृत्रिम सागरात सुमारे २६.५ लाख लिटर पाणी होते. तेथे १९९१ ते १९९३ या काळात आठ व्यक्ती बाह्य वातावरणापासून अलग राहिल्या.

वर मांडलेल्या गणितानुसार एवढ्या घनफळात सर्व काही स्थिर राहावयास हवे होते. प्रत्यक्षात बायोस्फियरच्या बंदिस्त हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढले, तो कृत्रिम सागराच्या पाण्यात विरघळला व पाण्याची आम्लता वाढण्याकडे कल झाला. ती रोखण्यासाठी पाण्यात क्षारांची भर घालावी लागली. पुढे याच टाकीत क्रिस लँगडन व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून, पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटची संपृक्तता घटली की प्रवाळ-समूहाचे कॅल्सीभवन घटते, हे दाखवून देण्यात आले. महासागरांच्या वाढत्या आम्लतेविषयीच्या आजच्या चिंतेला या प्रयोगांनी भक्कम आधार पुरविला.

घनफळ बदलाचा वेग कमी करते, त्याची दिशा बदलत नाही, हे या घटनेतून सिद्ध झाले. बदल घडविणारे कारण कायम राहिले, तर २६ लाख लिटरची टाकीही अखेरीस त्याच टोकाला जाते. महासागर ही कल्पनेतील सर्वांत मोठी टाकी. तिलाही हाच नियम लागू आहे.

९. भारतीय संदर्भ

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. एका पारशी दानशूराच्या देणगीतून साकारलेल्या या वास्तूने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना सागरी जीवांचे पहिले दर्शन घडविले. शालेय व महाविद्यालयीन सहलींचे ते एक ठरलेले स्थान बनले. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले करण्यात आले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ नाहीत, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण परिसरात प्रवाळ आढळतात व तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. रत्नागिरीच्या पश्चिमेस खोल समुद्रातील आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेशही प्रवाळांसाठी प्रसिद्ध आहे.

असे असले तरी भारतात प्रवाळ-टाकीचा विचार करताना पहिला प्रश्न आकारमानाचा राहत नाही. तो कायद्याचा असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणाऱ्या पाषाणी प्रवाळांचा समावेश करण्यात आला. वाघाला जे संरक्षण आहे, त्याच अनुसूचीतील संरक्षण प्रवाळांनाही लाभले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते कायम आहे. समुद्रातून प्रवाळ काढणे, त्यांचा व्यापार करणे किंवा हौसेखातर ते बाळगणे यास त्यामुळे वाव राहिलेला नाही. एडमंड गॉस यांनी ज्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला, ती टाळण्याचा हा कायदेशीर मार्ग आहे.

याचा अर्थ महाविद्यालयांना या इतिहासातून काही घेण्यासारखे नाही, असा नव्हे. कोकणातील किंवा मुंबईतील प्राणिशास्त्र विभागास कायद्याने प्रतिबंधित नसलेल्या खाऱ्या पाण्यातील माशांची टाकी प्रयोगशाळेत ठेवावयाची असल्यास आकारमानाचे हेच नियम लागू पडतात. अशा वेळी पुढील क्रमाने विचार करणे इष्ट ठरेल : प्रथम, ठेवावयाचा जीव पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो; दुसरे, दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीत टाकीकडे कोण पाहणार व किती दिवसांच्या अंतराने; तिसरे, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था कोणती; चौथे, प्रयोगशाळेची जमीन अथवा टेबल किती वजन पेलू शकेल. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की घनफळाचा आकडा बहुतांशी आपोआप निश्चित होतो. प्रारंभी आकडा ठरवून मग जीवांना त्यात बसविण्याचा उलटा क्रम हाच बहुतेक अपयशांच्या मुळाशी असल्याचे इतिहास दर्शवितो.

विशेषतः दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. महाविद्यालयातील टाकीचे रोजचे काम बहुधा प्रयोगशाळा परिचराकडे असते. टाकी लहान घेऊन वाचविलेला खर्च प्रत्यक्षात त्याच्या सुट्टीच्या दिवसांतून वसूल केला जातो. खरेदीच्या प्रस्तावात टाकी, पंप व दिवे यांच्या किमती लिहिल्या जातात. या श्रमाचा रकाना त्यात नसतो. तो असावयास हवा.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) सागरी मत्स्यपेटीच्या इतिहासात टाकीच्या आकारमानाचे एकच योग्य उत्तर कधीच नव्हते. १८४६ मध्ये ते मानवी श्रमावर, १८७१ मध्ये साठवण-टाकीवर व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाळणी आणि विद्युत् यंत्रांवर अवलंबून होते.

२) मोठे घनफळ क्षारता, अमोनिया व कॅल्शियम यांतील बदलांचा वेग कमी करून संगोपकास अवधी देते, बदलाचे कारण मात्र ते दूर करीत नाही. बायोस्फियर-२ हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

३) टाकीचे घनफळ व व्यवस्थेचे एकूण घनफळ यांतील लॉइड यांनी केलेला भेद आजही उपयुक्त आहे. जागा अपुरी असल्यास टाकी वाढविण्यापेक्षा साठा वाढविणे हिताचे ठरते.

४) लहान टाकी अनुभवी संगोपकाच्या हाती यशस्वी होऊ शकते, नवशिक्यासाठी किंवा जबाबदारी अनेकांत विभागलेल्या संस्थेसाठी मध्यम वा मोठी व्यवस्थाच अधिक सुरक्षित आहे.

५) भारतात पाषाणी प्रवाळांच्या बाबतीत टाकी कितीही मोठी असली, तरी ती त्यांचे योग्य स्थान ठरत नाही. मालवण व आंग्रिया बँक येथील प्रवाळांसाठी आवश्यक असणारे घनफळ अरबी समुद्राचे आहे; ते स्थिर राखणे ही कोणा एका संगोपकाची नव्हे, तर समाजाची जबाबदारी आहे.